मैदान गेले, माणसे विखुरली : व्हिएन्नाच्या ‘हाकोआ’ क्रीडासंस्थेची शंभर वर्षे

क्रीडासंस्थेचा इतिहास लिहिताना जिंकलेल्या ढाली, बांधलेल्या इमारती आणि लाभलेले अध्यक्ष यांच्या क्रमाने मांडणी करण्याचा प्रघात आहे. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील ‘स्पोर्टक्लब हाकोआ’ या बहुक्रीडा संस्थेच्या बाबतीत मात्र हा प्रघात अपुरा पडतो, कारण १९३८ मध्ये या संस्थेचे मैदान गेले, निकाल रद्द झाले, नोंदणी पुसली गेली आणि सभासदांपैकी ज्यांना देश सोडता आला ते चार खंडांत पांगले, तरीही ‘हाकोआ’ हे नाव एखाद्या जिवंत संस्थेचे असावे तसे त्या पांगलेल्या माणसांच्या तोंडी राहिले. हॅब्सबुर्ग साम्राज्य, पहिले प्रजासत्ताक, १९३४ नंतरची एकाधिकारशाही, नाझी राजवट आणि युद्धोत्तर प्रजासत्ताक अशा पाच राजवटींशी या संस्थेचा संबंध आला आणि प्रत्येक सत्तांतराने तिच्यापुढे एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत ठेवला, तो असा की जमीन, शासनाची मान्यता आणि माणसे या तिन्हींपैकी नेमके काय टिकले असता संस्था टिकली असे म्हणता येईल.

संस्थेची स्थापना १९०९ साली झाली. ‘हाकोआ’ हा हिब्रू शब्द असून त्याचा अर्थ ‘बळ’ असा आहे. संस्थापकांमध्ये गीतकार व संगीतिका-लेखक फ्रिट्झ ल्योनर, जे पुढे ल्योनर-बेडा या नावाने प्रसिद्धीस आले, आणि दंतवैद्य इग्नाझ हर्मन क्योर्नर हे प्रमुख होते. ल्योनर हे पहिले अध्यक्ष झाले. ज्यूंसाठी स्वतंत्र क्रीडासंस्था काढण्यामागे दोन कारणे होती. पहिले कारण बाहेरचे होते. मध्य युरोपातील अनेक व्यायामसंघांनी आणि गिर्यारोहण मंडळांनी आपल्या घटनेत ‘आर्य कलम’ म्हणून ओळखली जाणारी तरतूद घातली होती, ज्यान्वये ज्यू वंशाच्या व्यक्तीला सभासदत्व मिळत नसे आणि आधीपासून सभासद असलेल्यास बाहेर पडावे लागे. व्हिएन्नातील एका जुन्या व नामांकित व्यायामसंघाने असे कलम १८८७ मध्येच स्वीकारले होते. दुसरे कारण आतले होते. १८९८ मध्ये बाझल येथे भरलेल्या दुसऱ्या झायोनिस्ट, म्हणजे ज्यू राष्ट्रवादी चळवळीच्या, अधिवेशनात त्या चळवळीचे नेते मॅक्स नॉर्डाऊ यांनी ‘स्नायुबलाच्या ज्यूत्वा’ची कल्पना मांडली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गल्लीबोळांत व दुकानांत कोंडलेल्या समाजाने व्यायामातून शरीर कमवावे आणि त्या शरीराबरोबर आत्मसन्मानही कमवावा, असे आवाहन केले. हाकोआच्या संस्थापकांनी हे आवाहन शब्दशः घेतले. निळा-पांढरा गणवेश आणि छातीवर डेव्हिडचा षट्कोनी तारा अशी खेळाडूंची ओळख ठरली, आणि ज्या शहरात ज्यू असणे शक्यतो लपवावे असा पुष्कळांचा कल होता तेथे तरुण मुलेमुली ते चिन्ह छातीवर लावून हजारो प्रेक्षकांसमोर उतरू लागली. या एका निर्णयाचे धैर्य आज सहज लक्षात येत नाही.

संस्थेची रचनाही समजून घेतली पाहिजे. जर्मन भाषक प्रदेशात बहुक्रीडा संस्था ‘विभागां’ची बनलेली असते; प्रत्येक खेळाचा विभाग आपली वर्गणी, आपले प्रशिक्षक आणि आपली कार्यकारिणी स्वतंत्रपणे सांभाळतो आणि सर्व विभाग एका नावाखाली व एका ध्वजाखाली एकत्र राहतात. फुटबॉलच्या जोडीला जलतरण, वॉटर पोलो, कुस्ती, तलवारबाजी, हॉकी, मैदानी खेळ, टेबल टेनिस, स्कीइंग व पदभ्रमण असे विभाग हाकोआत उभे राहिले. ही सैलसर बांधणी पुढे संस्थेला तारणारी ठरली, कारण एक विभाग मोडला तरी दुसरा तग धरू शकत होता.

१९१८ मध्ये साम्राज्य कोसळले आणि पाच कोटींच्या राज्याची राजधानी असलेले व्हिएन्ना एकाएकी साठ-पासष्ट लाखांच्या छोट्या प्रजासत्ताकाची राजधानी झाले. या सत्तांतराचा हाकोआला विलक्षण लाभ झाला, हे नमूद करणे आवश्यक आहे. महायुद्धात साम्राज्याच्या पूर्वेकडील गॅलिशिया प्रांतातून पळून आलेली ज्यू कुटुंबे शहरात स्थिरावली होती आणि १९२३ च्या जनगणनेत व्हिएन्नातील ज्यूंची संख्या दोन लाखांच्या घरात गेली होती. दुसरीकडे हंगेरीत १९१९ ची क्रांती चिरडल्यानंतर ज्यूविरोधी वातावरण तापल्यामुळे बुडापेस्टचे उत्तम फुटबॉलपटू व्हिएन्नाकडे वळले. त्यांच्यापैकी बेला गुटमन हे पुढे प्रशिक्षक म्हणून जगभर गाजले व त्यांच्या मार्गदर्शनाखाली पोर्तुगालच्या बेन्फिका संघाने १९६१ व १९६२ अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन चषक जिंकला. शहराच्या पूर्वेस प्राटर नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे, त्यातील क्रिआउ भागात हाकोआने आपले स्टेडियम उभारले. सप्टेंबर १९२३ मध्ये हाकोआच्या फुटबॉल संघाने लंडनमध्ये जाऊन वेस्ट हॅम युनायटेडचा ५-० असा पराभव केला. त्याच वर्षी एफए चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेल्या वेस्ट हॅमने त्या दिवशी काही राखीव खेळाडू खेळवले होते हे खरे असले, तरी इंग्लिश संघाला इंग्लंडच्या भूमीवर हरवणारा युरोप खंडातील पहिला क्लब हाकोआच मानला जातो.

ऑस्ट्रियात १९२४ मध्ये व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली आणि १९२४-२५ चे पहिलेच विजेतेपद हाकोआने मिळवले. विजेतेपद निश्चित करणाऱ्या सामन्याची हकिकत संस्थेच्या प्रत्येक इतिहासात येते. गोलरक्षक आलेक्झांडर फाबियान यांचा हात सामन्यात मोडला. त्या काळच्या नियमांनुसार बदली खेळाडू घेता येत नसल्यामुळे हात गळ्यात बांधून ते आघाडीच्या फळीत उभे राहिले, दुसऱ्या खेळाडूने गोलरक्षकाची जागा घेतली आणि विजयी गोल फाबियान यांनीच केला. १९२६ मध्ये संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्‌स मैदानावरील एका सामन्याला ४६,००० प्रेक्षक उपस्थित होते, आणि हा आकडा त्या देशात पुढील कित्येक दशके फुटबॉलचा उच्चांक राहिला. या यशाची किंमत मात्र मोठी पडली, कारण अमेरिकेतील पगार आणि तेथील मोकळे वातावरण पाहून संघातील अनेक खेळाडू तेथेच राहिले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी हाकोआच्याच नावाने संघ बांधला व १९२९ मध्ये राष्ट्रीय चषक जिंकला. व्हिएन्नाचा संघ त्यानंतर पूर्वीची उंची पुन्हा गाठू शकला नाही व वरच्या आणि दुसऱ्या श्रेणीत ये-जा करीत राहिला.

फुटबॉलच्या या कीर्तीमुळे इतर विभागांचे कार्य झाकोळले गेले आहे. संस्थेच्या नावाचा खरा अर्थ कुस्ती आणि जलतरण या दोन विभागांत शोधला पाहिजे, असे या लेखाचे मत आहे. निकोलाउस हिर्शल, ज्यांना सर्वजण मिकी म्हणत, यांनी १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हेवीवेट गटात फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन या दोन्ही प्रकारांत कांस्यपदके मिळवली. कुस्तीगीरांचे आणखी एक काम होते, ज्याची नोंद पदकांच्या तक्त्यात सापडत नाही. सामन्याच्या वेळी मैदानावर आणि तलावाच्या काठावर होणाऱ्या ज्यूविरोधी दंगलखोरीपासून स्वतःच्या खेळाडूंचे व प्रेक्षकांचे रक्षण करण्यासाठी ही धिप्पाड मंडळी पहाऱ्यावर उभी राहत असत.

जलतरण विभागाचे वैशिष्ट्य असे की त्यात मुलींचा वाटा मुलांपेक्षा अधिक ठळक होता. शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या डॅन्यूब कालव्यातून ‘व्हिएन्नाच्या आरपार’ या नावाची लांब पल्ल्याची शर्यत होत असे. पूल आणि घाट माणसांनी फुलून जात आणि त्या गर्दीसमोर हाकोआच्या मुली अनेकदा पहिल्या येत. १९२७ मध्ये बोलोन्या येथे झालेल्या युरोपीय स्पर्धेत हेडी बीनेनफेल्ड यांनी २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये आणि फ्रिट्झी ल्योवी यांनी ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये कांस्यपदक पटकावले. या विभागाची धुरा वकील व्हॅलेंटिन रोझेनफेल्ड यांच्याकडे होती. ते आपल्या जलतरणपटूंना पाल्यांप्रमाणे वागवत, आणि हा वडीलकीचा स्वभाव पुढील संकटात किती उपयोगी पडला ते यथाक्रम येईलच.

फेब्रुवारी १९३४ मधील यादवीनंतर चॅन्सेलर डोलफुस यांच्या सरकारने समाजवादी पक्षावर बंदी घातली व त्या पक्षाशी जोडलेल्या कामगार क्रीडासंस्थाही बंद केल्या. हाकोआ या लाटेतून वाचली, कारण तिचे झायोनिस्ट धोरण ऑस्ट्रियाच्या अंतर्गत पक्षीय राजकारणात मोडत नव्हते. तथापि एका प्रकारच्या संस्था सरकारी हुकमाने एका रात्रीत बंद होऊ शकतात हा धडा सर्वांनीच पाहिला होता.

खरी कसोटी १९३६ मध्ये आली. बर्लिन ऑलिंपिकसाठी ऑस्ट्रियाच्या जलतरण संघात हाकोआच्या यूडिथ डॉइच, रुथ लांगर आणि लुसी गोल्डनर या तिघींची निवड झाली होती. डॉइच या तेव्हा देशातील अग्रगण्य जलतरणपटू होत्या, तर लांगर अवघ्या पंधरा वर्षांच्या होत्या. ज्या देशात ज्यूंना सार्वजनिक तलावात उतरण्यास मज्जाव करणाऱ्या पाट्या लागल्या होत्या तेथे पोहण्यास तिघींनीही नकार दिला. ऑस्ट्रियाच्या जलतरण महासंघाने त्यांच्यावर स्पर्धाबंदी लादली आणि डॉइच यांची विजेतेपदे व विक्रम अधिकृत नोंदींतून काढून टाकले. सर्वच ज्यू खेळाडूंचा निर्णय असा नव्हता. ऑस्ट्रियाचे ज्यू भारोत्तोलक रॉबर्ट फाइन बर्लिनला गेले आणि सुवर्णपदक घेऊन परतले, व त्यांच्या निर्णयालाही त्याची स्वतःची बाजू होती. मराठी वाचकाला या उन्हाळ्याची दुसरी एक आठवण आहे, ती म्हणजे अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक याच ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला गेले होते व तेथे त्यांनी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. ज्या शहरात वऱ्हाडातील तरुणांनी आपल्या मातीतले खेळ जगासमोर मांडले, त्याच शहरात व्हिएन्नाच्या तीन मुलींच्या जागा रिकाम्या होत्या. या दोन घटना एकत्र ठेवून वाचल्याशिवाय १९३६ चे चित्र पूर्ण होत नाही.

१२ मार्च १९३८ रोजी जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले व दुसऱ्याच दिवशी देश जर्मनीला जोडल्याचा कायदा झाला; इतिहासात ही घटना ‘आन्श्लुस’, म्हणजे जोडणी, या नावाने ओळखली जाते. ऑस्ट्रियातील संस्था १८६७ च्या संस्थाविषयक कायद्यान्वये नोंदल्या जात असत आणि याच नोंदणीचा उपयोग आता त्यांचा गळा आवळण्यासाठी केला गेला. नव्या राजवटीने संस्थांसाठी एक खास आयुक्त नेमला, ज्याचे जर्मन पदनाम ‘श्टिलहाल्टेकोमिसार’ असे होते. त्याचा अर्थ व्यवहार जागच्या जागी गोठवणारा अधिकारी असा होतो. देशातील हजारो संस्थांपैकी कोणती नाझी संघटनांत विलीन करायची, कोणती देखरेखीखाली चालू ठेवायची आणि कोणती विसर्जित करून तिची मालमत्ता हस्तगत करायची, हे हे कार्यालय ठरवीत असे. ज्यू क्रीडासंस्थेच्या बाबतीत निकाल आधीच ठरलेला होता. हाकोआवर बंदी आली, चालू हंगामातील तिच्या फुटबॉल संघाचे निकाल रद्द करण्यात आले आणि क्रिआउचे मैदान राजवटीने ताब्यात घेतले. खेळलेला सामना खेळलाच गेला नाही असे ठरवण्याच्या या कृतीकडे केवळ क्रीडाक्षेत्रातील तांत्रिक बाब म्हणून पाहणे चूक ठरेल, कारण पुढे माणसांच्या बाबतीत जे करायचे होते त्याचीच ही कागदावरची रंगीत तालीम होती.

संस्थापक ल्योनर-बेडा यांना ऑस्ट्रियाच्या जोडणीनंतर लगेच अटक झाली. फ्रान्झ लेहार यांच्या ‘स्मिताचा देश’ या जगप्रसिद्ध संगीतिकेचे ते सहलेखक होते आणि लेहार यांचे संगीत खुद्द हिटलरच्या आवडीचे होते, परंतु त्याचा काहीही उपयोग झाला नाही. डाखाउ व बुखेनवाल्ड या छळछावण्यांतून त्यांना आउशवित्झच्या मोनोवित्झ छावणीत नेण्यात आले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तेथे त्यांची हत्या झाली. १९२५ च्या विजेत्या संघातील बचावपटू व कर्णधार माक्स शॉयर हेही आउशवित्झमध्ये मारले गेले. ऑस्ट्रियातील ६५,००० हून अधिक ज्यूंचा या संहारात बळी गेला व त्यात हाकोआचे खेळाडू, पंच, खजिनदार, सामन्याची तिकिटे विकणारे आणि दर रविवारी ती विकत घेणारे असे सर्व थरांतील लोक होते.

जे निसटले त्यांच्या निसटण्यात संस्थेचा मोठा हात होता. जलतरण विभागाने स्पर्धांच्या निमित्ताने वर्षानुवर्षे जोडलेले परदेशी संबंध आता व्हिसा, हमीपत्रे आणि नोकऱ्या मिळवण्यासाठी कामी आले. एरवी कोण कोठल्या शर्यतीत उतरणार याची यादी करणारे लोक आता कोण कोठल्या देशात जाऊ शकेल याची यादी करू लागले, आणि या विभागातील बहुतेक जलतरणपटू वेळेत बाहेर पडू शकले. रुथ लांगर यांनी केस सोनेरी रंगवले, बाप्तिस्म्याचा खोटा दाखला जवळ बाळगला आणि त्या इटलीमार्गे इंग्लंडला पोहोचल्या. डॉइच त्याआधीच, १९३६ मध्ये, पॅलेस्टाइनला गेल्या होत्या. हिर्शलही पॅलेस्टाइनला गेले व पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. रोझेनफेल्ड स्वतः लंडनला पोहोचले व तेथून त्यांनी विखुरलेल्या सभासदांसाठी परिपत्रके काढण्यास प्रारंभ केला, ज्यांत कोण कोठे आहे, कोणाचे लग्न झाले, कोणाला काम मिळाले, कोणाचा ठावठिकाणा लागत नाही, अशी माहिती असे. पूर्वी विभागाच्या सूचनाफलकावर जे लागत असे त्याचेच हे नवे रूप होते, फक्त फलक आता जगभर पसरला होता. तलाव नाही, स्पर्धा नाही, नोंदणी नाही, अशा अवस्थेत एक जलतरण मंडळ टपालाच्या पाकिटांतून चालू राहिले. ही घटना हाकोआच्या इतिहासातील सर्वांत मोठा विक्रम म्हणून नोंदवावी, इतकी तिची योग्यता आहे.

तेल अवीव येथे व्हिएन्नाहून आलेल्या निर्वासितांनी १९३८ मध्येच ‘हाकोआ ०९’ हा फुटबॉल संघ काढला. नावातील अंक मूळ संस्थेच्या स्थापनावर्षाचा होता. हा संघ पुढे रामात गान येथील मक्काबी संघात मिसळला आणि त्या संयुक्त संघाने १९६५ व १९७३ मध्ये इस्रायलचे लीग विजेतेपद मिळवले. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरातही १९३९ मध्ये हाकोआ नावाचा संघ सुरू झाला. या संघांना व्हिएन्नाच्या शाखा म्हणणे कायद्याच्या भाषेत बसणार नाही, पण ज्यांनी ते काढले त्यांच्या दृष्टीने त्यात काहीच नवीन नव्हते. रविवारी ज्यांच्याबरोबर खेळायचे ती माणसे आणि छातीवरचे चिन्ह तेच होते.

एप्रिल १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने व्हिएन्ना मुक्त केले तेव्हा शहरात जिवंत उरलेल्या ज्यूंची संख्या सुमारे ५,५०० होती, व त्यांतील बरेच जण ज्यूतर जोडीदारामुळे वाचले होते. जेथे पूर्वी दोन लाख लोक होते तेथे आता एका स्टेडियमचा कोपराही भरणार नाही एवढी माणसे उरली, तरीही त्याच वर्षी हाकोआ पुन्हा स्थापन झाली. या पुनर्स्थापनेचे वर्णन काही ठिकाणी आशेचे प्रतीक म्हणून केलेले आढळते. प्रत्यक्षात छावण्यांतून परत आलेल्या आणि तळघरांतून बाहेर पडलेल्या माणसांना आपल्यासारखी माणसे कोठे भेटतील याचा शोध घ्यायचा होता आणि त्यासाठी माहीत असलेला पत्ता हाकोआचा होता, एवढे साधे कारण त्यामागे असावे असे परिस्थितीवरून दिसते. फुटबॉल संघही पुन्हा उभा राहिला, परंतु शहरातून पुढे अमेरिकेकडे व इस्रायलकडे जाणाऱ्या निर्वासितांच्या भरवशावर संघ टिकणे शक्य नव्हते. काही वर्षांतच, १९५० च्या सुमारास, फुटबॉल विभाग कायमचा बंद झाला. ज्या खेळाने संस्थेला जागतिक नाव दिले तोच खेळ संस्थेतून गेला व लहान विभाग मात्र राहिले.

मैदानाचा प्रश्न त्याहून कठीण निघाला. व्हिएन्ना तेव्हा चार विजेत्या राष्ट्रांच्या सैन्यांत वाटले गेले होते आणि प्राटर ज्या दुसऱ्या जिल्ह्यात येते तो जिल्हा सोव्हिएत विभागात होता. ऑस्ट्रियाने १९४६ ते १९४९ या काळात लुटलेली मालमत्ता परत करण्यासाठी सात वेगवेगळे कायदे केले, पण भाड्याच्या घरांवरील व जागांवरील हक्क परत देणारा कायदा कधीच झाला नाही. यामागे एक राजकीय भूमिका होती. १९४३ च्या मॉस्को जाहीरनाम्यात ऑस्ट्रियाला हिटलरच्या आक्रमणाचा पहिला बळी म्हटले होते, त्याच जाहीरनाम्यात ऑस्ट्रियाच्या जबाबदारीचाही उल्लेख होता, परंतु नव्या प्रजासत्ताकाने पहिला भाग उचलला आणि दुसरा बाजूला ठेवला. राज्यच बळी ठरल्यावर राज्याने कोणाचे देणे लागायचे, असा हा युक्तिवाद होता आणि १९५५ च्या राज्यकरारानंतर परकी सैन्ये निघून गेली तरी तो बदलला नाही. एखाद्या क्रीडासंस्थेला तिचे मैदान परत मिळावे ही मागणी म्हणूनच राज्याच्या स्वतःविषयीच्या कथनाला आव्हान देणारी होती. हाकोआने पुढील सहा दशके स्वतःच्या मैदानाविना काढली. या काळात जे विभाग चालू राहिले ते कोणाच्या ना कोणाच्या सायंकाळच्या चिकाटीवर चालले, आणि अशा चिकाटीची नोंद ठेवण्याची पद्धत संस्थांच्या इतिहासलेखनात आजही पुरेशी रुजलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका ही या संदर्भात विशेष उल्लेखनीय ठरते. फुटबॉल विभागाचे पूर्वीचे प्रमुख आर्थर बार यांनी संपादित केलेला हाकोआच्या पन्नास वर्षांचा ग्रंथ १९५९ मध्ये प्रकाशित झाला. तो जर्मन भाषेत होता आणि त्याचे प्रकाशनस्थळ तेल अवीव होते. व्हिएन्नातील संस्थेचा इतिहास व्हिएन्नाच्या भाषेत, पण भूमध्य समुद्राच्या पलीकडे, हद्दपार झालेल्या सभासदांनी आपापल्या पेट्यांतून काढलेल्या छायाचित्रांच्या आणि आठवणींच्या आधारे लिहिला गेला, यावरून संस्थेचे केंद्र तेव्हा नेमके कोठे होते हे ध्यानात येते. सहसंस्थापक क्योर्नर हेही पॅलेस्टाइनला गेले होते आणि त्यांनी व्हिएन्नातील ज्यू खेळाडूंचा एक कोश हस्तलिखित स्वरूपात तयार केला होता. एकेका खेळाडूचे नाव, त्याचा खेळ आणि त्याची कामगिरी, अशी ती नोंद होती.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियात या साऱ्या भूतकाळाची उघड चर्चा सुरू झाली आणि जुलै १९९१ मध्ये चॅन्सेलर फ्रान्झ व्हरानित्स्की यांनी संसदेत ऑस्ट्रियन नागरिकांच्या सहभागाची जबाबदारी प्रथमच स्पष्ट शब्दांत मान्य केली. त्याचे परिणाम क्रीडाक्षेत्रातही झिरपले. १९९५ मध्ये यूडिथ डॉइच यांची पुसलेली विजेतेपदे व विक्रम पुन्हा नोंदींत घेण्यात आले आणि त्यांची क्षमा मागण्यात आली. मधल्या काळात ५९ वर्षे लोटली होती आणि त्यांनी आपले आयुष्य इस्रायलमध्ये घालवले होते. जानेवारी २००१ मध्ये ऑस्ट्रिया, अमेरिका व ज्यू संघटना यांच्यात वॉशिंग्टन येथे नुकसानभरपाईविषयीचा करार झाला, त्यात सर्वसाधारण निधीबरोबर हाकोआच्या क्रीडासंकुलाचाही नामोल्लेख होता. एका आंतरराष्ट्रीय करारात एका स्थानिक क्रीडासंस्थेचे नाव यावे, यामागे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा व शहरातील ज्यू समाजाच्या प्रतिनिधींचा दीर्घ पाठपुरावा होता.

या करारानंतर प्राटरमध्ये, जुन्या क्रिआउ मैदानाजवळच, दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने संस्थेला जागा मिळाली आणि ११ मार्च २००८ रोजी, म्हणजे ऑस्ट्रियाच्या जोडणीला सत्तर वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, नव्या क्रीडासंकुलाचे उद्घाटन झाले. संस्थेचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेले कार्ल हाबर यांचे नाव त्याला देण्यात आले. संकुलात तीन क्रीडांगणे एकत्र सामावणारे मोठे क्रीडागृह व टेनिसची मैदाने आहेत, शेजारी ज्यू समाजाची शाळा व वृद्धांचे निवासस्थान आहे, त्यामुळे सहा वर्षांचे मूल आणि नव्वद वर्षांचे आजोबा एकाच परिसरात ये-जा करतात. बास्केटबॉल, ज्यूदो, कराटे, कुस्ती, जलतरण, टेनिस, टेबल टेनिस, पदभ्रमण व स्कीइंग असे विभाग आज कार्यरत आहेत. ज्या संस्थेचा जन्म बहिष्कारातून झाला तिने आपली दारे ज्यूतर नागरिकांसाठीही उघडी ठेवली, आणि ‘आर्य कलमा’ला याहून सरळ उत्तर देता आले नसते. शहरातील ज्यू समाजाच्या अधिकृत नोंदणीत आज सुमारे आठ हजार लोक आहेत आणि त्यांतील बरेच जण पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशांतून आलेल्या कुटुंबांतील आहेत. १९२५ च्या विजेत्या संघाशी त्यांचे रक्ताचे नाते नाही, पण त्यांची मुले तोच तारा असलेला निळा-पांढरा गणवेश घालतात.

२००४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘वॉटरमार्क्स’ या माहितीपटासाठी हाकोआच्या जुन्या जलतरणपटू महिलांना जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून व्हिएन्नाला आणण्यात आले. तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. ज्या शहरातून त्या पळाल्या होत्या तेथील तलावात, पोहण्याचे कपडे घालून, टोप्या चढवून, त्या शेजारीशेजारी उतरल्या आणि हळूहळू, पण हाताची फेक जराही न चुकवता, पोहत दुसऱ्या टोकाला पोहोचल्या. जुलै २०११ मध्ये युरोपीय मक्काबी क्रीडास्पर्धा व्हिएन्नात भरल्या. ज्यू खेळाडूंच्या या स्पर्धा संहारानंतर जर्मन भाषक भूमीवर प्रथमच होत होत्या आणि हाकोआचे नवे संकुल त्यांचे एक केंद्र होते.

क्योर्नर यांच्या हस्तलिखित कोशाचे प्रकाशनही व्हिएन्नातील ज्यू संग्रहालयाच्या पुढाकाराने २००८ मध्येच, संकुलाच्या उद्घाटनाच्या वर्षी, झाले. लेखक तेव्हा हयात नव्हते. कोशाच्या शीर्षकात १९०० ते १९३८ असा कालावधी दिलेला आहे आणि त्यात शेकडो स्त्रीपुरुष खेळाडूंची नावे वर्णानुक्रमे आली आहेत. विजेते आणि पहिल्याच फेरीत हरलेले, बाहेर पडू शकलेले आणि न पडू शकलेले, असे सर्वजण त्यात एकाच टाइपात, एकाखाली एक छापलेले आहेत.